वीणेचा पहारा

माघ वद्य सप्तमी म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकट दिन. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज पहिल्यांदा शेगावात दिसले, ती ही तिथी. पातूरकडच्या आमच्या गावातून दरवर्षी पायदळ दिंडी निघते. वाडेगाव, बाळापूर करत शेगाव. बाबा गेल्यापासून माझी झोप उडाली होती. आई म्हणाली, "एकदा चालून ये."

पहिला दिवस नुसता पाय ओढण्यात गेला. सोंगलेली तूर, घाट्यांवर आलेला हरभरा, वाडेगावचे लिंबाचे बगीचे, सगळं मागं पडत होतं. टाळ वाजत होते आणि माझ्या डोक्यात दवाखान्याची बिलं.

मुक्काम शाळेच्या वऱ्हांड्यात. हरिपाठ झाला, पिठलं-भाकर झाली, माणसं आडवी झाली. आमच्या दिंडीत वीणा खाली टेकवत नाहीत. सगळे झोपले तरी कोणीतरी ती गळ्यात घालून उभा असतोच. रात्री बारा ते दोन हा बाबांचा पहारा. यंदा काकाजींनी तो मला दिला.

सत्तरीचा तो माणूस माझ्या पायाशी वाकला तसा मी दचकून मागं सरलो.

"तुह्या नाही बाप्पा, माउलीच्या पाया पडतो मी. उभा राह्य."

मग मी त्यांच्या पाया पडलो. वीणा गळ्यात आली. दांडीवर हात ठेवायची जागा घासून गुळगुळीत झाली होती, खुंट्यांच्या खाचेत बुक्का साचला होता. मी भराभर तारा छेडू लागलो.

"घाई काहाची हाय? एक तार पुरी वाजू दे, मंग दुसरी," काकाजी म्हणाले आणि घोंगडी ओढून झोपले.

बसायचं नाही, मोबाईल नाही. तार छेडायची आणि तो आवाज भिंतीपाशी विरेपर्यंत ऐकायचा. बिलं आठवली, पुन्हा आठवली. मग कधीतरी नुसती तारच उरली. दोन वाजता पुढचा माउली समोर येऊन उभा होता, ते मला कळलंच नाही.

शेगावला समाधीचं दर्शन झालं, डोळे भरून आले. पण खरं सांगतो, मला जास्त आठवतो तो वऱ्हांडा.

आता संध्याकाळी आई हरिपाठाला बसते तेव्हा मीही बाबांचे टाळ घेऊन बसतो. अभंग संपला की टाळांचा नाद विरेपर्यंत थांबतो. आईही थांबते.