तुम्ही विचारलंत म्हणून : हे शेवटचे दिवस आहेत का?

"तुमच्या बायबलात लिहिलंय तसंच चाललंय ना सगळं?" पारावर, लग्नात, उपासनेनंतर चपला घालताना हे मला विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात पोरांचा मोबाइल असतो, दारू असते, आईबापाला न बघणारा मुलगा असतो. दरवेळी मी अर्धंच सांगतो.

हो, लिहिलंय. प्रेषित पौलानं आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात, शेवटच्या दिवसांत माणसं कशी असतील याची यादीच आहे: स्वार्थी, धनलोभी, गर्विष्ठ, आईबापांचं न ऐकणारे. मी ती ओळीनं तीन रविवार मंडळीत वाचली. प्रत्येक शब्दाला गावातला एकेक चेहरा डोळ्यांपुढे होता. माझा नव्हता.

त्याच आठवड्यात कापसाची वेचणी होती. बायांना किलोमागे मजुरी. संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाला काटा टांगून मी गाठोडी मोजत होतो. मंडळीतलीच एक बाई, नेहमी मागच्या सतरंजीवर बसणारी, तिनं डब्याच्या पिशवीतून मिठाचा पुडा काढला. "दादा, हे लावा बरं काट्याले. किलोचं हाय, फोडेल नाई."

लावलं. काटा नऊशे ग्रॅमवर थांबला. पुडा हलायचा थांबला तरी कुणी बोललं नाही. तिनं तो काढून पिशवीत ठेवला. गाठोडं उचलायला मी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"जुना काटा आहे, मला काय माहीत," असं मी तेव्हा म्हणालो, पुढंही बरेच दिवस म्हणत राहिलो. पण आदल्या वर्षी माझ्या वहीत नऊ क्विंटल होता आणि जिनिंगवर दहा भरला होता. मी त्याला आशीर्वाद म्हणालो होतो. घरात उपकारस्तुतीची प्रार्थनाही केली होती.

त्या रात्री बायबलातलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. ख्रिस्तपूर्व 8व्या शतकात, इस्राएलचा राजा यराबाम दुसरा याच्या भरभराटीच्या काळात बोलला. त्याच्या 8व्या अध्यायातली माणसं शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतात, पण तो कधी संपतो आणि माप लहान करून, तराजूत खोट करून धान्य कधी विकतो असं त्यांना झालेलं असतं. यहेज्केल संदेष्टाही नाश झालेल्या सदोम नगराचं पाप सांगताना गर्व, पोटभर अन्न आणि दीनदुबळ्याला हात न देणं, हे म्हणतो.

मग पौलाची यादी खोटी का? नाही. दारूनं मोडलेली घरं मी रोज बघतो. हे शेवटचे दिवस आहेत असं आजही मानतो, जरी तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. फक्त ती यादी जिथं संपते ते 5वं वचन मी तिन्ही रविवारी भरभर वाचून टाकलं होतं. भक्तीचं वरवरचं रूप दाखवणारे पण तिचं सामर्थ्य नाकारणारे, असं तिथं लिहिलंय.

नवा काटा आणला. त्या हंगामाची राहिलेली मजुरी दिली. आदल्या वर्षांची नाही दिली. वहीत नावं नव्हती, असं मी सांगतो. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कय चौपट परत करीन म्हणाला, त्यालाही नावं शोधावी लागली असतील.

ती बाई अजून उपासनेला येते, मागच्याच सतरंजीवर बसते. वेचायला मात्र दुसऱ्याच्या वावरात जाते.