क्वेनेंगच्या भिंती

आज जोहान्सबर्गच्या दक्षिणेकडच्या सुईकरबोसरँडच्या टेकड्या तुडवल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांचं क्वेनेंग हे जुनं शहर इथलंच. विमानातून लेझर सोडून केलेल्या लायडार पाहणीत इथे 800 च्या आसपास वाडे दिसले; जमिनीवरून मात्र गवतात बुडालेल्या भिंतीच. चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड. मधोमध गुरांचा गोठा, भोवती घरं. दोन समांतर भिंतींमधून बराच वेळ चाललो. हा गुरांचा रस्ता! उभ्या पिकात जनावरं घुसू नयेत म्हणून ही सोय असणार. दारातला राखेचा मोठा ढीग म्हणजे, अभ्यासकांच्या मते, श्रीमंतीचा थाट. जेवणावळींची राख मिरवायची, बंगल्यापुढच्या गाडीसारखी! 19 व्या शतकाच्या सुरुवातीच्या लढायांत शहर ओस पडलं. फोटोत यातलं काहीच कळत नाही, तरी टाकतोय.