बेळगाव ते मस्कत: खेळाडूचा प्रशिक्षक होताना

माझी वाट टिळकवाडीच्या लेले मैदानावरून चोर्ला घाटानं गोव्याला गेली. तिथं बचावफळीत व्यावसायिक फुटबॉल खेळलो. 2016 मध्ये गोव्यातल्या तीन मोठ्या क्लबांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची फुटबॉल स्पर्धा, सोडली, जागा आटल्या, गुडघाही साथ देईना. तेव्हा शिकवायचं ठरवलं.

आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स, मग आशियाई महासंघाचं, म्हणजे एएफसीचं, सी. खेळून आलेल्याला हे सोपं जाणार असं घरच्यांना वाटत होतं. पण तिथं तुमचा पास कोणी बघत नाही. सराव घ्यायला लावतात. खेळ कधी थांबवता, थांबवल्यावर किती बोलता, यावर परीक्षकांची नजर असते. मला सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. बचावपटूचा जन्मच ओरडण्यात जातो: ‘मागं बघ’, ‘सोड’, ‘मार’. नऊ-दहा वर्षांच्या पोराला असं ओरडून सांगितलं की तो चेंडू मारतो खरा, पण मान वर करून बघायला शिकत नाही. आता मी विचारतो, ‘चेंडू यायच्या आधी तुला काय दिसलं?’ उत्तराला वेळ लागतो. तेवढं थांबायचं.

मस्कतच्या एका अकादमीनं बोलावलं आणि कागदपत्रं सुरू झाली. हा भाग सीमाभागातल्या पोरांनी नीट वाचावा. शैक्षणिक प्रमाणपत्र ज्या राज्याचं, पडताळणीही त्याच राज्याची. माझी दहावी कर्नाटक बोर्डाची, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. म्हणजे एक कागद बेंगळुरूला, दुसरा मुंबईला, आणि मग दोन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर. ओमानला ते चालतं. दुबईला जाणाऱ्यांना दूतावासाची साक्षांकनं वेगळी करावी लागतात. पोलिस क्लिअरन्सचा, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याच्या प्रमाणपत्राचा, अर्ज पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर होतो. त्याआधी दाखला, पदवी, पासपोर्ट आणि लायसन्स यांवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, ते अक्षर न् अक्षर ताडून बघा.

इथं उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरच सराव घेतो. ओमानी, इजिप्शियन, मल्याळी मुलं एकाच गटात असतात. छोट्या मैदानावर थोडीच मुलं खेळवतो, म्हणजे लाजऱ्या पोराच्याही पायाला चेंडू सारखा लागतो. मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवले की तोच पोरगा तासभर नुसता धावतो, हे मी गावाकडं पुष्कळ पाहिलंय आणि त्याची फार चुटपुट लागते.

आता एएफसी बी करायचंय. त्याला सीनंतर प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तो इथं जमा होतोय.