वाइल्डकार्ड ते रेजेक्स: गाडी आता जोडाक्षरांपाशी

किल्ल्यांच्या नोंदींची माझी साइट नव्या रचनेत हलवतोय. जुने पत्ते तुटू नयेत म्हणून /किल्ले/*/नकाशा असे साधे वाइल्डकार्ड पॅटर्न (* म्हणजे कितीही अक्षरं, ? म्हणजे एकच) हाताने लिहायचे आणि त्यांतून अपाचे या वेब सर्व्हरसाठी रेजेक्स (मजकूर जुळवण्याचे सांकेतिक नमुने) काढणारी पायथन स्क्रिप्ट करायची, एवढंच काम. मूळ भाग आता चालतो.

क्रम पक्का ठरवला: आधी पॅटर्नमधलं प्रत्येक खास चिन्ह एस्केप करायचं (म्हणजे ते साधं अक्षर म्हणून वाचलं जाईल असं करायचं), मगच * आणि ? यांना हात लावायचा. उलट क्रमाने गेलं तर आपणच घातलेलं .* (रेजेक्समध्ये ‘काहीही, कितीही’) एस्केप होतं. दोन्ही टोकांना ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) हवेतच, कारण वाइल्डकार्ड अख्ख्या पत्त्याशी जुळतं आणि रेजेक्स मधल्या एखाद्या तुकड्यावरही समाधान मानतं.

पायथनमधलं वाइल्डकार्ड जुळवणारं तयार एफएनमॅच घेतलं नाही. ते * चं सरळ .* करतं, म्हणजे वरचा पॅटर्न /किल्ले/राजगड/जुने/नकाशा यालाही लागतो. पत्त्यात स्लॅशला वजन असतं, म्हणून एका * साठी ([^/]+), म्हणजे स्लॅश सोडून काहीही, आणि मुद्दाम ** लिहिलं तरच (.*). कंसात पकडलेलं गडाचं नाव नव्या पत्त्यात तसंच नेता येतं.

खरी मजा ? मध्ये आहे. माझ्या अकारविल्हे पानांचे पत्ते /सूची/क, /सूची/क्ष, /सूची/ज्ञ असे आहेत. /सूची/? लिहिलं की ही सगळी पानं यावीत, अशी कुणाही मराठी माणसाची अपेक्षा असणार. अपाचे जुळवणीआधी पत्त्यातली टक्क्यांची चिन्हं (मराठी अक्षरांऐवजी येणारे %E0 सारखे संकेत) उलगडतो, हे चांगलं; पण पुढे रेजेक्स बाइट मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ‘क’ ३ बाइटचा आणि ‘क्ष’ ९ बाइटचा, कारण तो क, हलन्त आणि ष असा साठवलेला असतो. मग रेजेक्समधल्या एका टिंबात, म्हणजे एका बाइटच्या जागेत, ‘क’सुद्धा मावत नाही. युनिकोडने जोडाक्षर एकसंध धरणारा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आणला, पण सर्व्हरवरच्या इंजिनाच्या भरवशावर मला राहायचं नाही.

म्हणून अक्षर मीच बांधलं. देवनागरीच्या मुख्य पट्ट्यातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ मधला. त्यावरून व्यंजन, मग हलन्त-व्यंजनाच्या हव्या तितक्या जोड्या, मग काना, मात्रा, अनुस्वार. स्वरांची वाट वेगळी. रेजेक्स लांबलचक होतं, पण स्क्रिप्टच लिहिते, तेव्हा चालेल. ‘श्री’ आणि ‘स्त्री’ दोन्ही एकेका ? मध्ये बसले तेव्हा फार आनंद झाला.

चाचणीत प्रत्येक नवा पत्ता पुन्हा सगळ्या नियमांतून फिरवतो. /किल्ले/** ला /किल्ले/सह्याद्री/ कडे पाठवलं तर नवा पत्ताही त्याच नियमात सापडतो आणि फेरा सुटत नाही. तोवर सगळीकडे ३०२ (तात्पुरतं पुनर्निर्देशन) च ठेवलाय. ३०१ (कायमचं) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि मग दुरुस्ती वाचकापर्यंत पोहोचत नाही.

पुढचं काम ‘ऱ’चं. ‘खोऱ्यातले’ मधला ऱ एका चिन्हाचा असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा दोन चिन्हांचाही. दिसायला सारखे, बाइट वेगळे. पॅटर्न एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणणं सोपं आहे, पण येणारा पत्ता दुसऱ्या रूपात आला तरी जुळावा म्हणून रेजेक्समध्ये दोन्ही पर्याय घालतोय.