हक्कसोडपत्राच्या आधीची पाच मिनिटे

सोलापुरात दिवाणी वकिली करताना बहिणींनी भावाच्या लाभात करून द्यायची हक्कसोडपत्रे माझ्याकडे वरचेवर येतात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद होते, आई आणि भावाबरोबर बहिणींचीही नावे लागतात आणि थोड्याच दिवसांत ती नावे कमी करण्यासाठी सगळे कुटुंब गाडी करून दुय्यम निबंधक कार्यालयात येते. ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द या दस्तांत असतातच. त्यामुळे सही करणाऱ्या प्रत्येक बाईला मी दस्त वाचून दाखवते आणि पाच मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलते.

गेल्या उन्हाळ्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातून असेच एक कुटुंब आले. जमिनीचा काही भाग महामार्गात जाणार होता आणि मोबदला एकाच्याच नावावर यावा म्हणून घाई होती. थोरली बहीण अक्कलकोटकडे दिलेली, मधली शहरातच गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशिनवर बसणारी, धाकटी मोहोळची. सोबत आई, भाऊ, भावजय आणि पदवीपर्यंत शिकलेला एक चुलतभाऊ. थोरलीचे लग्न १९९४ च्या आधी झालेले असल्यामुळे तिला हक्कच नाही, तिची सही केवळ औपचारिक आहे, असे त्या चुलतभावाने मला ऐकवले. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरे आहे. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे सारे मी तिघी बहिणींसमोर सांगितले.

त्यावर तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही फेमिनिस्ट आहात होय? मग झालं. आता घर फुटल्याशिवाय राहत नाही.”

हा शब्द मी अनेकदा असाच अंगावर फेकलेला ऐकला आहे. त्याच्या पोटात घर मोडणारी, पुरुषांचा दुस्वास करणारी, पुण्या-मुंबईची पोटभरली बाई असे एक चित्र आधीच तयार असते, आणि ते पुढे केले की कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. मी त्याला एवढेच सांगितले की मी स्त्रीवादी आहे. मुलीला वडिलांच्या संपत्तीत वाटा देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुरुष होते, आणि आजचे माझे काम त्यांच्या त्या आग्रहाच्याच वाटेवरचे आहे. बाईला निर्णय घेण्याइतकी माहिती आणि नाही म्हणण्याइतकी मोकळीक असावी, याहून वेगळे काही मी मागत नव्हते.

मग एकेकीशी बोलले. थोरली म्हणाली, “आईचं दुखणं-खुपणं अण्णाच बघतो. मला माझा वाटा त्यालाच द्यायचाय.” तिने हक्क समजून घेऊन तो सोडायचे ठरवले, आणि तो निर्णय मला पूर्ण मान्य होता. धाकटी रडू लागली. सही केली नाही तर माहेर तुटेल आणि पंचमीला कोणी न्यायला येणार नाही, एवढीच तिची धास्ती होती. ज्या भीतीपोटी सही होते तिला स्वखुशी लिहिणे मला जमत नाही. मधलीने शांतपणे नकार दिला. तिला भांडण नको होते, कारखान्यात दिवसभर बसून पाठ गेली होती आणि मुलीला नर्सिंगला घालायचे होते.

भाऊ आणि चुलतभाऊ तणतणत बाहेर गेले. भावजय मात्र दारात थांबली. नणंदांवर ती उखडेल, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. बाईच बाईची वैरी, हेही आपल्याकडे फार सहज बोलले जाते. ती मला म्हणाली, “मॅडम, लग्न झाल्यापासून त्या रानात मीच खुरपतेय, ज्वारी काढतेय. ह्या कागदात माझं नाव कुठं येतंय?”

कुठेच येत नव्हते. पती हयात असताना त्याच्या वाट्याच्या शेतीत पत्नीला आपोआप मालकी मिळत नाही. नवऱ्याने बक्षीसपत्र करून काही क्षेत्र तिच्या नावे दिले तर तिचे नाव लागेल, हे मी तिला समजावले आणि तिच्या सांगण्यावरून भावाला आत बोलावून त्यालाही सांगितले. तो रागात होता, तरी त्याने खर्च किती येईल ते विचारले.

त्या दिवशी दस्त नोंदला गेला नाही. पुढे थोरलीचे हक्कसोडपत्र स्वतंत्रपणे झाले, मधलीचा आणि धाकटीचा वाटा कायम राहिला आणि मोबदल्यातील त्यांची रक्कम त्यांच्या खात्यावर घेण्याचे अर्ज मी भरून दिले. भावजयीचे बक्षीसपत्र अजून झालेले नाही. मसुदा मी तयार केला आहे आणि भावाला त्याची आठवण करून देत असते.