पंप घेता, मग हाडांचं काय?

"काहून घेता जी तो पंप? हाडं ठिसूळ होतेत म्हणे!" धरमपेठेतल्या भाजीवालीपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलंय. पंप म्हणजे दम्याचा इनहेलर. दमा लहानपणापासूनचा, तेव्हा उत्तर तयार असतं. विचारणाऱ्याला थांबायला वेळ नसतो. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून नीट सांगते.

भीती खोटी नाही. ती पंपाच्या नावावर खपते, एवढंच. हाडांना मोठा धोका स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. दमा उसळला की डॉक्टर त्यातलीच प्रेडनिसोलोन देतात, पुष्कळदा रोज 40 मिलिग्रॅम, पाच-सात दिवस. पंपातलं ब्युडेसोनाइडही स्टेरॉइडच, पण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात; दिवसाला 400 म्हटलं तरी अर्धा मिलिग्रॅमही नाही. दोन्हींची ताकद वेगळी, त्यामुळे नुसते आकडे शेजारी मांडून चालत नाही. पण पंपाचं औषध थेट छातीत उतरतं, गिळलं गेलेलं बरंचसं यकृतात निकामी होतं. गोळी अंगभर फिरते. हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. वर मांड्यांचे स्नायूही अशक्त होतात, म्हणजे पडायची सोय झालीच. रोजची गोळी असेल तर सर्वांत वेगाने झीज पहिल्या काही महिन्यांत होते. अधूनमधून घेतलेले छोटे कोर्स कुणी मोजत नाही. त्यांचीही बेरीज होते.

जास्त डोसचा पंप वर्षानुवर्षं घेतला तर थोडा धोका त्याचाही आहे. म्हणून दमा आटोक्यात आल्यावर डोस उतरवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. परस्पर बंद करू नये. आपल्याकडे होतं ते असं: हाडांच्या धास्तीने पंप सुटतो, डिसेंबरच्या थंडीत किंवा कूलरच्या बुरसटलेल्या वाळ्यामुळे दम लागतो आणि गोळ्या सुरू होतात. काही जण दुकानातून जुन्या चिठ्ठीवर परस्पर आणतात. 'रामबाण' पुड्यांबद्दल तर बोलूच नये. अशा काहींमध्ये स्टेरॉइडच सापडलेलं आहे.

आणि उन्हाचं म्हणाल, तर नागपुरात राहूनही 'ड' जीवनसत्त्व कमी निघतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण फारच थोडे असतात, आणि मे महिन्यात दुपारी बाहेर कोण पडतं? मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी गच्चीवर बसते, बाह्या वर करून, संत्री सोलत. संत्री मात्र हाडांसाठी नव्हेत, जिभेसाठी. कॅल्शियमला दूध, दही, तीळ.

मणका दबला तरी अनेकदा दुखत नाही. उंची घटते, पाठ वाकते, घरचे म्हणतात वय झालं. त्यामुळे तीन महिन्यांहून जास्त गोळ्या चालल्या असतील किंवा कोर्स वारंवार होत असतील, तर डेक्सा तपासणीबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेबद्दल, स्वतःहून विचारा. तिचा आकडा म्हणजे टी-स्कोअर, निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली; त्यावर औषधं आहेत. बराच काळ चाललेली गोळी मात्र अचानक तोडू नका, ती हळूहळूच उतरवावी लागते.

माझा स्कोअर उणे 1.7, म्हणजे चांगली हाडं आणि ऑस्टिओपोरोसिस यांच्या मधल्या पट्ट्यात. प्रत्येक कोर्सची तारीख मी पंपाच्या खोक्यावर लिहिते आणि ते खोकंच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवते.