जुन्या ट्रकचे आयडलिंग आणि खारी हवा

हर्णैला आमच्याकडे महिंद्राचा जुना एफसी-१५० पेट्रोल ट्रक आहे. पावसाळाभर तो शेडमध्ये उभा असतो, आणि दसऱ्याला बाहेर काढला की इंजिन पुरते तापल्यावरही स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद गतीवर (आयडलिंग), टिकत नाही. दापोलीहून आसूदमार्गे उतरताना वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच ते बंद पडते, आणि ही गोष्ट मला धोक्याची वाटते.

गेल्या वर्षी एका मेकॅनिकने थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमीजास्त करणाऱ्या झडपेचा, स्क्रू आत घेऊन रेस (इंजिनाच्या फेऱ्या) वाढवून दिली. इंजिन बंद पडेनासे झाले, पण दोष मात्र होता तिथेच राहिला. थ्रॉटलची झडप गरजेपेक्षा जास्त उघडी राहिली की स्लोच्या मार्गाखेरीज तिच्या कडेच्या छिद्रांतूनही पेट्रोल येऊ लागते, आणि मग स्लोला पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नाही.

म्हणून यंदा मी स्क्रूला हात लावण्याआधी हवेची गळती, म्हणजे भलत्या वाटेने आत शिरून मिश्रण बिघडवणारी हवा, शोधली. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा मार्ग) इंजिनाच्या हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे शोधण्याच्या जागा थोड्याच असतात: कार्ब्युरेटरखालचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाखालचे) पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला दांडा आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची नळी. चालू इंजिनावर पॅकिंगच्या कडेने तेलाचे थेंब सोडले तेव्हा आवाज बदलला नाही. वायपरची नळी मात्र टोकाशी तडकलेली निघाली. ती बदलून कार्ब्युरेटर उघडला, तर चार महिने साचलेल्या पेट्रोलमुळे आणि दमट हवेमुळे पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीत पांढरट गाळ बसला होता आणि स्लो जेट, म्हणजे स्लोचे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, जवळजवळ बुजला होता. जेट तारेने टोकरू नये, कारण छिद्र मोठे होते. तो पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकावा. ठिणगीसाठीच्या प्लग आणि पॉइंटची गॅप त्याच वेळी पाहून घेतली.

त्यानंतरच सेटिंग. चोक (थंड इंजिनासाठी हवा रोखणारी झडप) पूर्ण उघडा, एअर फिल्टर जागेवर, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. बंद इंजिनावर मिक्स्चर स्क्रू अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घेतला, कारण जोर लावला तर सुईच्या टोकाला खाच पडते, आणि मग दीड फेरा बाहेर काढला. इंजिन चालू करून तापू दिले. आमच्या कार्ब्युरेटरात हा स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी होते. काहींत तो हवेचा असतो आणि तेथे उलट घडते. पाव-पाव फेऱ्याने, दर वेळी थोडे थांबून, आत घेत गेलो तेव्हा इंजिन मिस मारू लागले; बाहेर काढत गेलो तेव्हा जड होऊन हेलकावू लागले. या दोहोंच्या मध्ये जिथे आवाज सर्वांत भरीव आणि एकसारखा लागतो, तिथे थांबलो. त्यामुळे वाढलेली रेस थ्रॉटलच्या स्क्रूने मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास उतरवली आणि मिक्स्चर पुन्हा एकदा पाहिले.

यंदा स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर स्थिरावला आहे. केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणाला आतून मी तो आकडा आणि तारीख लिहून ठेवली आहे.